वडिलांना ५२व्या वर्षी अटॅक आला. माझं किती ठरलेलं आहे?

विचारणाऱ्यांचं वय ३६. वडिलांना ५२व्या वर्षी हार्ट अटॅक, थोरल्या काकांची ५८व्या वर्षी बायपास. स्वतःचं एलडीएल (वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल) १४८, बीपी एकदा मोजलं ते १३४/८६ भरलं, वजन 'ठीकठाक', सिगारेट-तंबाखू नाही. प्रश्न दोन आहेत. कोलेस्टेरॉल आणि बीपी '५० टक्के आनुवंशिक' असतं म्हणतात, मग माझा निम्मा धोका ठरूनच गेला आहे का? आणि वय वाढत जाईल तसा हा आनुवंशिक वाटा वाढतो की कमी होतो?

पहिल्याचं उत्तर: नाही. दुसऱ्याचं: बऱ्याच गोष्टींत कमी होतो, एखाद्या गोष्टीत जराही हलत नाही, आणि जिथे कमी होतो तिथेही त्याचा अर्थ लोक लावतात तो नसतो. हे शेवटचं नीट सांगायला वेळ लागतो, म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी ते ५० टक्के. हा आकडा तुमच्याबद्दल नाहीच, तो एका जमावाबद्दल आहे. हजार माणसांचं बीपी मोजलं, कुणाचं ११० भरलं, कुणाचं १६०. माणसामाणसांतल्या या फरकापैकी किती फरक त्यांच्या जीन्समधल्या फरकाशी जुळतो, एवढंच तो सांगतो. तुमच्या १३४ पैकी ६७ आजोबांनी दिले आणि ६७ तुम्ही कमावले, असा हिशेब त्यातून निघत नाही. वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यासारखं या आकड्याकडे पाहिलं की सगळी गल्लत सुरू होते.

इंग्लंडमधले रोगपरिस्थितीशास्त्रज्ञ जॉफ्री रोझ यांनी १९८५ साली याबद्दल एक मार्मिक मुद्दा मांडला होता. समजा, देशातला प्रत्येक माणूस रोज २० सिगारेटी ओढतो. मग कसाही अभ्यास करा, फुप्फुसाचा कॅन्सर हा आनुवंशिक रोग आहे असाच निष्कर्ष निघेल. सिगारेट सगळ्यांचीच सारखी असल्यामुळे ती फरकात दिसणारच नाही. उरलेला फरक जीन्सचा. म्हणजे आनुवंशिकतेचा आकडा मोठा आहे यावरून 'इथे काही करता येणार नाही' असं ठरत नाही. कधी कधी तो इतकंच सांगतो की सगळेजण एकाच चुलीवरचं खात आहेत.

हे आकडे येतात कुठून? मुख्यतः जुळ्यांच्या अभ्यासातून. एकबीज जुळ्यांचे जीन्स जवळपास शंभर टक्के सारखे, द्विबीज जुळ्यांचे सख्ख्या भावंडांइतके, म्हणजे सरासरी निम्मे. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात वाढतात. एकबीज जुळ्यांमधलं साम्य समजा ०.७० आलं आणि द्विबीज जुळ्यांमधलं ०.४५, तर फरक ०.२५, त्याची दुप्पट ०.५०. झाले तुमचे ५० टक्के. (प्रत्यक्षात गणित याहून किचकट असतं, पण गाभा हाच.)

आता वय. या विषयावरचा माझ्या मते सगळ्यात बोलका अभ्यास स्वीडनमधला आहे. तिथल्या जुळ्यांच्या नोंदवहीतल्या, १८८६ ते १९२५ या काळात जन्मलेल्या सुमारे २१ हजार जुळ्यांचा २६ वर्षं माग ठेवला गेला आणि निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. एक भाऊ ५५ वर्षांच्या आत हृदयविकाराने गेला असेल, तर त्याच्या एकबीज जुळ्या भावाचा त्याच कारणाने मरण्याचा धोका इतरांच्या आठपट होता. द्विबीज असेल तर पावणेचार पटीच्या आसपास. बहिणींमध्ये, एक ६५ वर्षांच्या आत गेली असेल तर, एकबीज जुळीला १५ पट आणि द्विबीज जुळीला अडीच पटीच्या आसपास. भावाचा किंवा बहिणीचा मृत्यू जितका उशिरा झाला, तितकी ही पट घटत गेली.

म्हणून ओपीडीत 'घरात कुणाला हार्टचं होतं का?' यापेक्षा 'कितव्या वर्षी?' हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. ८१व्या वर्षी अटॅकने गेलेले आजोबा तुमच्याबद्दल फार काही सांगत नाहीत. ५२व्या वर्षीचे वडील सांगतात. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून चाललेल्या अभ्यासात आता तिसरी पिढी आहे. तिथे आई किंवा वडिलांना लवकर हृदयविकार झाला असेल, म्हणजे वडिलांना ५५च्या आत किंवा आईला ६५च्या आत, तर मुलग्यांचा धोका कोलेस्टेरॉल, बीपी, धूम्रपान वगैरे हिशेबात धरूनही साधारण दुप्पट निघाला, मुलींचा १.७ पट. तुमचे वडील या व्याख्येत बसतात. काका बसत नाहीत, ते ५८ वर्षांचे होते. पण एकाच घरातल्या दोन भावांना साठीच्या आत त्रास झाला, हे मी नजरेआड करणार नाही.

एकेक घटक घेतला की चित्र आणखी वेगवेगळं दिसतं. वजनाचं पाहा. अनेक देशांतल्या जुळ्यांची माहिती एकत्र करून २०१७ मध्ये निघालेला आकडा असा: पुरुषांमध्ये बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाची, आनुवंशिकता विशीत ७७ टक्के, सत्तरीत ५७ टक्के. कोलेस्टेरॉलबाबत स्वीडनमध्येच ५२ ते ८६ वयाच्या जुळ्यांवर अभ्यास झाला. त्यातली बरीच जुळी लहानपणीच ताटातूट होऊन वेगवेगळ्या घरांत वाढलेली होती. तिथे ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) आणि अपोलायपोप्रोटीन-बी (एलडीएलसारख्या कणांवरचं प्रथिन) यांची आनुवंशिकता ६५च्या पुढच्या गटात कमी भरली. आणि एक गंमत: एकूण कोलेस्टेरॉलवर बालपणीच्या घराची छाप त्या वयातही शिल्लक होती.

असं कमी का होतं? पंचविशीपर्यंत माणसं साधारण सारखीच जगलेली असतात. त्यानंतर एकजण पाळीवर कामाला लागतो, दुसरा शेती करतो, तिसरा रोज तीन तास लोकलमध्ये उभा असतो, चौथ्याला दुकानात बसल्या बसल्या दहा कप चहा होतो. साठीपर्यंत राहणीतला हा फरक साचत जातो. समजा पंचविशीत जीन्समुळे पडणारा फरक ६० आणि बाकीचा ४०, तर आनुवंशिकता ६० टक्के. साठीत जीन्सचे ६० तेवढेच राहिले, पण बाकीचा फरक ९० झाला. आता १५० पैकी ६०, म्हणजे ४० टक्के. जीन्सनी आपलं काम एका कणानेही कमी केलेलं नाही, फक्त छेद वाढला. मघाशी अर्थाबद्दल म्हणालो ते हे. 'वय वाढलं की आनुवंशिकतेचा असर ओसरतो' हे वाक्य बातम्यांमध्ये वाचलं की मला हेच गणित आठवतं.

दुसरं कारण जरा कठोर आहे. ज्यांचे जीन्स सगळ्यात वाईट, त्यांच्यातले बरेच सत्तरीच्या अभ्यासात येईपर्यंत उरतच नाहीत. तिसरं कारण गोळ्या. एका जुळ्याला बीपीची गोळी सुरू आहे, दुसऱ्याने कधी मोजलंच नाही. दोघांचं बीपी वेगळं दिसणारच. संशोधक यासाठी गोळी घेणाऱ्यांच्या आकड्यात १०-१५ मिलिमीटर मिळवून हिशेब करतात, पण तो शेवटी अंदाजच.

बीपीची गोष्ट अजून निराळी आहे, आणि तुमच्या त्या एकट्या १३४/८६ शी तिचा थेट संबंध आहे. फ्रेमिंगहॅममध्ये एका भेटीतल्या बीपीची आनुवंशिकता ४० टक्क्यांच्या आसपास निघाली. त्याच लोकांच्या अनेक वर्षांच्या भेटींची सरासरी घेतली तेव्हा ५७ टक्के. जीन्स तर तेच होते! फरक एवढाच की एका भेटीतल्या आकड्यात त्या दिवसाची धावपळ, पार्किंगवरून झालेलं भांडण, दवाखान्याची भीती, सकाळची कॉफी सगळं मिसळलेलं असतं. सरासरी घेतली की हा गाळ खाली बसतो आणि माणसाचं स्वतःचं बीपी स्पष्ट दिसतं. वर्षानुवर्षं एकाच जुळ्यांकडे परत परत जाऊन केलेल्या अभ्यासांचं सांगणंही याच दिशेचं आहे: जे वर्षामागून वर्षं टिकून राहतं त्यात जीन्सचा हात मोठा, जे वरखाली होतं ते बहुतांशी परिस्थितीचं.

आणि मग एक घटक असा, जो वयाला जुमानतच नाही. लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एलडीएलसारखाच एक कण, जास्त असला तर हृदयविकाराचा धोका वाढवणारा. लॅबच्या कागदावर 'एलपी-ए' लिहिलेलं असतं. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये तो शोधला. त्याची पातळी ९० टक्क्यांहून अधिक आनुवंशिक, तीही जवळजवळ सगळी सहाव्या गुणसूत्रावरच्या एकाच जीनमुळे. लहानपणी पाच-सहा वर्षांच्या आत जी पातळी ठरते ती साधारण जन्मभर तशीच. भात सोडा, तूप सोडा, रोज दहा किलोमीटर चाला, ती हलत नाही. म्हणूनच युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये सुचवलं की प्रत्येक प्रौढ माणसाने आयुष्यात एकदा तरी ती तपासावी. एकदाच. दरवर्षी 'फुल बॉडी चेकअप'मध्ये एलपी-ए मोजून पैसे घेणाऱ्यांना तुम्ही खुशाल विचारा, कशासाठी?

आता मला सगळ्यात आवडणारा अभ्यास. तो जुळ्यांचा नाही, साध्या भावंडांचा आहे. १९९५ मध्ये पश्चिम लंडनमध्ये राहणारे पंजाबी आणि पंजाबातच राहिलेली त्यांची सख्खी भावंडं यांची तुलना प्रसिद्ध झाली. आईबाप तेच, रक्त तेच. लंडनवाल्यांचं वजन जास्त, बीपी जास्त, कोलेस्टेरॉल जास्त, साखर जास्त, चांगलं म्हणतात ते एचडीएल कमी. फक्त एलपी-ए दोन्हीकडे सारखं, आणि तिथल्या गोऱ्या लोकांपेक्षा दोन्हीकडे जास्त. जे जीन्सचं होतं ते विमानात बरोबर गेलं. बाकीचं तिथे जाऊन जमलं. जे जमलं ते बरोबर नेलेल्या एलपी-एवर चढलं, आणि दोघांनी मिळून काम केलं. आपल्याकडे हे बघायला लंडनची गरज नाही. एक भाऊ माण-खटावकडे शेती करतो आणि दुसरा हिंजवडीत बसून काम करतो, अशा जोड्या माझ्याकडे येतात. दोघांचं वय चाळिशीचं, चेहरे सारखे, रिपोर्ट वेगळे. मात्र गावाकडच्याला मशेरी किंवा तंबाखूची चंची असेल तर गणित पुन्हा उलटतं, म्हणून गाव म्हणजे निरोगी असं समजू नका.

याच्या जोडीला फ्रेमिंगहॅमच्या दुसऱ्या पिढीतलं २०१५ मधलं एक निरीक्षण ठेवा. एफटीओ नावाच्या जीनचा एक प्रकार वजन वाढवतो, हे २००७ पासून माहीत आहे. पण या लोकांमध्ये त्याचा परिणाम १९४२ नंतर जन्मलेल्यांमध्येच ठळक दिसला. त्याआधी जन्मलेल्यांमध्ये तो जवळपास दिसत नव्हता. जीन तोच, काळ बदलला. वडील आणि मुलगा यांची तुलना करून काढलेली आनुवंशिकता जुळ्यांवरून काढलेल्या आकड्यापेक्षा बहुतेकदा कमी भरते, त्यामागेही हे एक कारण असावं. वडिलांचं ५५व्या वर्षीचं शरीर आणि मुलाचं ३०व्या वर्षीचं शरीर ही दोन वेगळी वयं आहेतच, शिवाय दोन वेगळी जगं आहेत.

'मग जीन्स वाईट असतील तर मी करून काय होणार?' हे तुम्ही विचारलं नाही, पण मनात असणार. जीन्सनेच दिलेलं एक उत्तर आहे. काही लोकांमध्ये पीसीएसके-९ या जीनमध्ये जन्मजात बिघाड असतो, पण तो बिघाड फायद्याचा. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांमध्ये हा बिघाड असलेल्यांचं एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्क्यांनी कमी होतं, आणि त्यांच्यातला हृदयविकार ८८ टक्क्यांनी कमी होता. हे २००६ साली समोर आलं. साठीत गोळी सुरू करून एलडीएल तेवढंच उतरवलं तर एवढा फायदा मिळत नाही. कारण त्यांना ते कमी एलडीएल पहिल्या दिवसापासून मिळालं होतं. रक्तवाहिनीला आजचा आकडा कळत नाही, तिला गेल्या तीस-चाळीस वर्षांची बेरीज कळते. तुमचं १४८ आज घाबरवण्यासारखं नाही. पण ३६व्या वर्षी १४८ आणि ६६व्या वर्षी १४८ यांत मला पहिलं जास्त खटकतं.

दुसरं उत्तर २०१६ मधलं, ५५ हजारांहून अधिक लोकांचं. ज्यांचा आनुवंशिक धोका सगळ्यात वरच्या गटात होता, त्यांच्यातही सिगारेट न ओढणारे, लठ्ठ नसलेले, व्यायाम करणारे, नीट खाणारे (या चारांपैकी किमान तीन) यांना हृदयविकार बेशिस्त राहणाऱ्यांच्या तुलनेत ४६ टक्क्यांनी कमी झाला. याच धर्तीचा आनुवंशिक धोक्याचा स्कोअर काढून देणारे किट आता घरपोच मिळतात. मी ते कुणाला करायला सांगत नाही. त्यामागची माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची आहे, आपल्या लोकांना ती मापं तितकीशी बसत नाहीत.

पुण्याच्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती इथेच घडली. घराण्यात चालत आलेलं सगळंच जीन्समधून आलेलं नसतं. इथल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला फोटो वैद्यकीय जगात गाजला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांवर त्यांच्या गटाने काम केलं, तेव्हा दिसलं की इथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची, पण आपल्या बाळात कमी असतात ते मुख्यतः स्नायू, चरबी त्या मानाने राखलेली असते. यात जीन्सचा भाग असेल, पण आईच्या, कदाचित आजीच्याही, पोषणाचा भाग आहे. कौटुंबिक इतिहासात हे सगळं एकाच गाठोड्यात बांधून येतं. म्हणून तुम्ही लिहिलेलं 'वजन ठीकठाक' मला पुरत नाही. बेंबीच्या पातळीवर टेप लावा. भारतीय पुरुषासाठी कंबर ९० सेंटिमीटरच्या वर गेली की ठीकठाक वजनाला अर्थ राहत नाही.

आता तुम्ही काय करायचं ते थोडक्यात. एलपी-ए एकदा तपासा. दर डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर निघालं तर तुमच्या १४८ कडे मी वेगळ्या नजरेने बघेन, आणि गोळीची चर्चा लवकर करेन. बीपी घरी, सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून दोनदा मोजा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी १३५/८५ च्या खाली आहे का बघा. तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी करा. वडिलांचे अटॅकच्या वेळचे, गोळ्या सुरू होण्याआधीचे रिपोर्ट कपाटात कुठे सापडतात का शोधा. तेव्हाचं त्यांचं एलडीएल १९० च्या वर असेल, किंवा त्यांच्या टाचेमागच्या जाड दोरीसारख्या शिरेवर किंवा बोटांच्या सांध्यांवर गाठी असतील, तर हा '५० टक्के' वगैरेचा विषयच उरत नाही. मग तो एका जीनचा आजार, फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, असू शकतो. जगात साधारण अडीचशे माणसांत एकाला असतो आणि प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी. तुमचं १४८ बघता तो तुमच्याकडे आला असावा असं वाटत नाही, पण भावंडांचं तपासावं लागेल. आपल्याकडे मामाच्या किंवा आत्याच्या घरी लग्नं होतात, तिथे हा जीन दोन्ही बाजूंनी एकाच बाळात येऊ शकतो, आणि मग ते मूल शाळेत असतानाच हृदयविकाराच्या तोंडाशी असतं. अशी मुलं थोडी असतात, पण एक पाहिलं की विसरता येत नाही.

एक शेवटचं. तुमच्या प्रश्नात वडील आहेत, काका आहेत. आईकडचं एकही माणूस नाही, आत्यासुद्धा नाही. हे मला दर आठवड्याला दिसतं. सासरी गेलेली आत्या कशाने गेली ते माहेरी कुणाला नक्की ठाऊक नसतं, आणि मामांबद्दल विचारलं की 'ते तर झोपेतच गेले' किंवा 'पित्त झालं होतं, रात्रीतून गेले' असं उत्तर येतं. पन्नाशीच्या माणसाला रात्रीतून नेणारं पित्त मी सव्वीस वर्षांत पाहिलेलं नाही. आईला फोन करा. कोण कितव्या वर्षी गेलं, छातीत दुखलं होतं का, दरदरून घाम आला होता का, हे विचारून कागदावर लिहा. पुढच्या वेळी रिपोर्टांबरोबर तो कागदही घेऊन या.